दुसऱ्या डोळ्याचं ओसीटी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वयपरत्वे होणाऱ्या मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या भागाच्या) झिजेवर, म्हणजे एएमडीवर लेख होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत चौकशी एकच : एका डोळ्याच्या पडद्यात पाणी झालं, म्हणजे ओला एएमडी झाला, इंजेक्शनं चालू आहेत, मग दुसऱ्या डोळ्याकडे कसं आणि किती लक्ष द्यायचं? पडद्याचे डॉक्टर आणि रोज पडद्याचे ओसीटी स्कॅन काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट यांनी मिळून ही उत्तरं तयार केली आहेत.

प्रश्न : वडिलांचं वय ७२. उजव्या डोळ्याला ओला एएमडी असून इंजेक्शनं चालू आहेत. डावा डोळा ६/९, म्हणजे जवळजवळ उत्तम. तरी प्रत्येक भेटीत दोन्ही डोळ्यांचं ओसीटी काढतात. चांगल्या डोळ्याचं दर वेळी काढायची खरंच गरज आहे का?
*एक वाचक, सांगली*

गरज आहे. उजव्या डोळ्यावर डॉक्टरांचं, घरच्यांचं आणि खुद्द वडिलांचं लक्ष आहेच. गाफील राहायला होतं ते डाव्याबाबत, आणि पुढची दहा वर्षं वाचन, औषधांच्या पट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या हे सगळं त्याच डोळ्यावर चालणार आहे.

धोका किती ते पाहा. अमेरिकेतल्या कॅट या मोठ्या अभ्यासात ७२७ रुग्णांचा दुसरा डोळा सुरुवातीला ओल्या विकारापासून मुक्त होता. दोन वर्षांत त्यांपैकी १३५ जणांच्या त्या डोळ्यातही ओला विकार घडवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या. म्हणजे साधारण पाचात एक. एका डोळ्यात दिलेलं इंजेक्शन दुसऱ्या डोळ्याचं रक्षण करतं, असा समज अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे.

'दिसायला कमी झालं की जाऊ' हा हिशोब इथे का चालत नाही? रक्तवाहिनीतून झिरपणारा द्रव पुष्कळदा मॅक्युलाच्या मध्यापासून थोडा बाजूला सुरू होतो. मध्यबिंदू कोरडा असेपर्यंत तक्त्यावरची अक्षरं पूर्वीसारखीच वाचता येतात. ६/९ हा आकडा तसाच राहतो आणि स्कॅनमध्ये मात्र पडद्याखाली काळी फट दिसू लागते. उपचार सुरू होताना नजर जितकी चांगली, तितकी ती पुढे चांगली राहते. हे या इंजेक्शनांच्या सगळ्या मोठ्या अभ्यासांत दिसून आलं आहे. गेलेली नजर इंजेक्शनाने थोडीफार परत येते, पूर्ण येईलच असं नाही. म्हणून ६/९ असताना पकडलेला द्रव आणि ६/३६ झाल्यावर पकडलेला द्रव यांचा शेवट फार वेगळा होतो.

प्रश्न : आमच्या ह्यांच्या फाइलमध्ये ओसीटीचे चौदा छापील कागद आहेत. तपासणी दोन मिनिटांत उरकते. ती नीट झाली की नाही हे आम्हाला कसं कळावं? स्कॅन काढताना काय सांगायचं, काय विचारायचं?
*एक वाचक, नाशिक*

प्रश्न फार चांगला आहे. चुका नेमक्या इथेच होतात.

ओसीटी म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या प्रकाशाने घेतलेला पडद्याचा उभा छेद. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. छेदात पाच ते सात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा फरक ओळखता येतो; केसाची जाडी याच्या दसपट तरी असते. पण एक छेद म्हणजे एकच रेघ. पडद्याचा किती भाग तपासला गेला, हे किती रेघा आणि किती अंतराने काढल्या यावर ठरतं.

कागदावर अनेकदा 'पाच रेघांचा' स्कॅन छापलेला असतो. या रेघा लांब आणि सुरेख दिसतात, पण दोन रेघांमध्ये पाव मिलिमीटर अंतर धरलं तर पाचही मिळून जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचा पट्टा भरतो. मॅक्युलाची काळजी करायची ती सहा मिलिमीटर भागात. त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली सुरू झालेला द्रव या कागदावर येणारच नाही. दुसऱ्या डोळ्यावर नजर ठेवायची तर संपूर्ण चौकोन भरणारा स्कॅन हवा. काही यंत्रं सहा मिलिमीटरमध्ये १२८ रेघा काढतात, म्हणजे दोन रेघांत ५० मायक्रॉनपेक्षाही कमी अंतर. काहींवर २५ किंवा ४९ रेघांचा पर्याय असतो. २५ रेघांत अंतर सुमारे २४० मायक्रॉन पडतं, ४९ रेघांत त्याच्या निम्मं. वेळ थोडा जास्त लागला तरी चालेल, दाट रेघाच मागा.

यजमानांना घेऊन जाल तेव्हा एवढं पाहा. बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर थेंब घालून बाहुली मोठी केल्यावरच स्कॅन काढावा. थेंबांना वीस ते तीस मिनिटं लागतात. डोळे कोरडे असतील तर स्कॅनच्या आधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकायला सांगा, चित्र लगेच स्वच्छ येतं. हनुवटी टेकवलेली आणि कपाळ पट्टीला पूर्ण चिकटलेलं हवं. कपाळ मागे सरकलं की चित्र फिकं पडतं, ही रोजची चूक. मग आतल्या खुणेकडे स्थिर पाहायचं. पापणी मिटायची असेल तर 'आता मिटा' असं सांगेपर्यंत थांबायचं, कारण मध्येच मिटली तर त्या जागी काळा पट्टा येतो. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली असेल तर त्या डोळ्याला खूण दिसणार नाही आणि तो भरकटेल. तिथे दुसऱ्या डोळ्याने पाहायची बाहेरची खूण वापरतात. डाव्या डोळ्याला ही अडचण नसते, म्हणून त्याचा स्कॅन खराब आला तर परत काढून घ्यायला संकोच करू नका.

कागदावर चित्राच्या दर्जाचा आकडा असतो. काही यंत्रांवर तो दहापैकी असतो, तिथे निदान सहा हवा. काहींवर डेसिबलमध्ये असतो, तिथे वीसच्या वर हवा. त्याहून कमी असेल तर 'द्रव नाही' या निष्कर्षावर फार विसंबू नये.

सगळ्यात महत्त्वाचं, फॉलो-अप मोड. पहिला चांगला स्कॅन आधार म्हणून ठरवला की पुढच्या भेटीत यंत्र पडद्यावरच्या रक्तवाहिन्या ओळखून बरोबर त्याच जागी रेघा काढतं. मग जानेवारीतली अठरावी रेघ आणि एप्रिलमधली अठरावी रेघ शेजारी ठेवून पाहता येते. हा मोड न वापरता दर वेळी नवा स्कॅन काढला तर दोन्ही चित्रं वेगवेगळ्या जागांची असतात आणि छोटा बदल हातून निसटतो. 'मागच्या स्कॅनवरूनच काढताय ना?' हे विचारणं यजमानांचा हक्क आहे.

चौदा कागद जपून ठेवाच, पण रोगनिदान कागदावर होत नाही. डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर सगळ्या रेघा सरकवून पाहतात. दवाखाना बदलायची वेळ आली तर सगळ्या रेघांसह स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. छापील कागदाचा व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मत द्यायला पुरत नाही.

प्रश्न : आईच्या चांगल्या डोळ्याची मधली जाडी मार्चमध्ये २५८ मायक्रॉन होती, जूनमध्ये दुसऱ्या सेंटरवर २७५ आली. सूज सुरू झाली का?
*एक वाचक, लातूर*

नुसत्या या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. पडद्याची वरची कड सगळी यंत्रं सारखीच धरतात, खालची कड मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. सिरस यंत्र रंगद्रव्याच्या थरापर्यंत मोजतं, स्पेक्ट्रॅलिस त्याच्याही खालच्या ब्रुक पडद्यापर्यंत. त्यामुळे निरोगी डोळ्याचीही मधली जाडी पहिल्यावर साधारण २५५ आणि दुसऱ्यावर साधारण २७० मायक्रॉन येते. पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक यंत्र बदलल्यानेच पडू शकतो. एकाच यंत्रावर, चांगल्या स्कॅनमध्ये, पाचेक मायक्रॉन इकडे-तिकडे होणं नेहमीचं आहे.

उलट बाजूही लक्षात घ्या. आकडा 'नॉर्मल' असतानाही द्रव असू शकतो, कारण सुरुवातीचा थेंबभर द्रव मधल्या वर्तुळाबाहेर असतो. शिवाय ड्रुसेनमुळे, म्हणजे पडद्याखाली साठलेल्या गाळामुळे, थर वर उचलला गेला की यंत्राची खालची रेघ चुकीच्या जागी पडते आणि जाडीचा आकडाच खोटा ठरतो. जाडीचा हिरवा-पिवळा नकाशा पाहून समाधान मानू नये, छेद पाहावेत. आईंचे पुढचे स्कॅन शक्यतो एकाच सेंटरवर, एकाच यंत्रावर काढा.

प्रश्न : डाव्या डोळ्याच्या रिपोर्टमध्ये 'मोठे ड्रुसेन, हायपररिफ्लेक्टिव्ह फोसाय, डबल लेयर साइन, द्रव नाही' असं लिहिलं आहे. द्रव नाही म्हणजे सगळं ठीक समजायचं का?
*एक वाचक, ठाणे*

आज इंजेक्शनाची गरज नाही, एवढाच 'द्रव नाही'चा अर्थ. आधीचे तीन शब्द पुढची तपासणी कधी ते ठरवतात.

ड्रुसेन म्हणजे पडद्याच्या रंगद्रव्य थराखाली साठलेला चरबी-प्रथिनांचा गाळ. १२५ मायक्रॉनहून मोठे असतील तर ते 'मोठे'. अमेरिकेच्या एरेड्स अभ्यासातून २००५ मध्ये एक सोपी मोजणी आली : प्रत्येक डोळ्यात मोठ्या ड्रुसेनचा एक गुण, रंगद्रव्य विस्कटल्याचा एक गुण, आणि एका डोळ्यात पुढच्या टप्प्याचा एएमडी झालेला असेल तर त्या डोळ्याचे थेट दोन. बेरीज दोन असेल तर पाच वर्षांत पुढच्या टप्प्याचा धोका ढोबळमानाने १२ टक्के, तीन असेल तर २५, चार असेल तर ५०. या अभ्यासातले बहुसंख्य लोक गोरे अमेरिकन होते, तेव्हा आपल्याकडे हे आकडे दिशा म्हणून घ्यावेत.

हायपररिफ्लेक्टिव्ह फोसाय हे छेदात पडद्याच्या आत दिसणारे पांढरे ठिपके. रंगद्रव्याच्या पेशी आपली जागा सोडून वर सरकत असल्याची ती बहुधा खूण असते. ते वाढत असतील तर लक्ष वाढवायचं.

डबल लेयर साइन मात्र जास्त गंभीरपणे घ्या. रंगद्रव्य थर बुटका, वेडावाकडा उचललेला, त्याच्या खाली ब्रुक पडद्याची दुसरी रेघ आणि मधल्या फटीत करडा ऐवज. पुष्कळदा ती झिरपायला न लागलेल्या, झोपलेल्या रक्तवाहिन्यांची जाळी असते. तिची शहानिशा ओसीटी अँजिओग्राफीने होते. यात शिरेत रंग टोचावा लागत नाही. यंत्र रक्तपेशींच्या हालचालीवरूनच वाहिन्यांचा नकाशा काढतं. एका डोळ्यात ओला विकार असलेल्या १६० रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्याचा असा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपलेली जाळी असलेल्या डोळ्यांपैकी २१ टक्के डोळे वर्षभरात झिरपू लागले. जाळी नसलेल्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होतं. तरीही द्रव दिसेपर्यंत इंजेक्शन देत नाहीत, कारण अशा कित्येक जाळ्या दीर्घकाळ शांत राहतात. तुमच्या बाबतीत सहा महिन्यांनी नव्हे, महिना-दोन महिन्यांनी स्कॅन व्हावा असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडे आणखी एका प्रकाराचं भान ठेवायला हवं. आशियाई लोकांत ओल्या विकाराचा पॉलिपॉइडल प्रकार (यात रक्तवाहिन्यांच्या टोकांना फुगे येतात) बराच दिसतो. त्यात ड्रुसेन फारसे नसतातच, म्हणून 'ड्रुसेन नाहीत, धोका नाही' हे गणित बसत नाही. छेदात अंगठ्यासारखा उभा उंचवटा दिसला किंवा पडद्याखाली रक्त दिसलं तर इंडोसायनिन ग्रीन रंगाची अँजिओग्राफी करून खात्री करतात.

प्रश्न : मग दुसऱ्या डोळ्यातही आधीच इंजेक्शन देऊन ठेवलं तर?
*एक वाचक, पणजी*

ते करून पाहिलं गेलं आहे. धोका जास्त असलेल्या डोळ्यांत दर तीन महिन्यांनी ॲफ्लिबरसेप्टचं इंजेक्शन देऊन दोन वर्षं वाट पाहिली. न दिलेल्यांच्या तुलनेत ओला विकार कमी झाला नाही. आणि प्रत्येक इंजेक्शनाबरोबर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याची छोटी पण खरी जोखीम येते. चांगल्या डोळ्यावर ती विनाकारण घेऊ नये.

प्रश्न : घरी जाळीचा तक्ता पाहायला सांगितला आहे. आजोबा रोज पाहतात, पण फ्रिजवर चिकटवलेला उभ्याउभ्या. चालेल का?
*एक वाचक, कोल्हापूर*

नाही. ॲम्स्लरची जाळी दहा सेंटिमीटर चौरस, पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची असते. ती ३० सेंटिमीटरवरूनच पाहायची. लांबून पाहिली की ती मॅक्युलाचा लहानसाच भाग तपासते. जवळचा चष्मा लावून, बायफोकल असेल तर खालच्या भागातून, चांगल्या उजेडात पाहायची. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, बोटांच्या फटीतून नाही. आधी चांगला डोळा तपासायचा. नजर मधल्या ठिपक्यावर रोवायची आणि ती न हलवता विचारायचं : चारही कोपरे दिसतात का, रेघ कुठे वाकते का, कुठे धुरकट डाग आहे का? नजर रेघांवरून फिरवली की दोष लपतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर ती तपासणीच नव्हे.

जाळीचा कंटाळा आला तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटी किंवा खिडकीचे गज एकेका डोळ्याने पाहण्याची सवय लावा. नवा वाकडेपणा दिसला तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, दोन-तीन दिवसांत स्कॅन झाला पाहिजे. मात्र जाळी सरळ दिसते म्हणून स्कॅन चुकवू नका. द्रव असूनही पुष्कळांना जाळी सरळच दिसते.

प्रश्न : सासूबाईंचा पहिला डोळा व्रण होऊन गेला. डॉक्टरांनी 'आता इंजेक्शनाचा उपयोग नाही' म्हटलं, तेव्हापासून दीड वर्ष आम्ही गेलोच नाही. दुसऱ्याने छान दिसतं.
*एक वाचक, अकोला*

कृपया याच आठवड्यात जा. आलेल्या सगळ्या पत्रांत आम्हाला सर्वांत काळजी वाटली ती या पत्राची. इंजेक्शनासाठी महिन्या-दोन महिन्यांनी जाणं होतं तोवर दुसरा डोळाही आपोआप तपासला जातो. इंजेक्शनं बंद झाली की फाइल कपाटात जाते, आणि एकच डोळा उरलेल्या माणसावर कुणाचीच नजर राहत नाही. डॉक्टरांनी उपचार थांबवले ते पहिल्या डोळ्याचे. पहिली दोन वर्षं तीन-चार महिन्यांनी, धोक्याच्या खुणा असतील तर त्याहून लवकर आणि मधल्या काळात घरी जाळी, असा क्रम आम्ही सुचवतो. सासूबाईंना 'छान दिसतं' हे दोन्ही डोळे उघडे ठेवून की एकेक झाकून, तेही आजच पाहा.

प्रश्न : संगणक दुसऱ्या डोळ्याचं भविष्य सांगतो अशी बातमी वाचली होती. ते आपल्याकडे मिळतं का?
*एक वाचक, पुणे*

तुम्ही म्हणता तो बहुधा लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाचा आणि गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीचा २०२० मधला अभ्यास. एका डोळ्यात ओला एएमडी झालेल्या २,७९५ रुग्णांच्या स्कॅनवर संगणकाला शिकवलं आणि दुसरा डोळा पुढच्या सहा महिन्यांत ओला होईल का, असं विचारलं. इशारा देण्याची पट्टी सैल ठेवली तर पुढे ओल्या होणाऱ्या १०० डोळ्यांपैकी ८० त्याने ओळखले, पण कोरड्या राहणाऱ्या १०० पैकी ४५ डोळ्यांनाही उगाच इशारा दिला. पट्टी कडक केली तर खोटे इशारे १० वर आले आणि पकड ३४ वर घसरली. त्याच परीक्षेत बहुतेक मानवी तज्ज्ञांपेक्षा संगणक सरस ठरला, यावरून हे भाकीत किती अवघड आहे ते कळतं. शिक्षण एकाच बनावटीच्या यंत्राच्या स्कॅनवर झालं होतं. अशी साधनं पुढे उपयोगी पडतील ती पुढची भेट एक महिन्याने द्यायची की चार, हे ठरवायला. स्कॅन मात्र तेव्हाही वेळेवर काढावाच लागेल.

प्रश्न : बाबा आमच्याकडे न्यू जर्सीत राहतात. घरी बसवायचं ओसीटी यंत्र घ्यावं का?
*एक वाचक, एडिसन*

घरगुती ओसीटीला एफडीएची (अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेची) परवानगी मे २०२४ मध्ये मिळाली, पण ती ओल्या विकाराचं निदान झालेल्या डोळ्यासाठी. अजून कोरड्या असलेल्या डोळ्यासाठी तुमच्याकडे फोरसीहोम हे वेगळं साधन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. ते पडद्याचं चित्र काढत नाही; ठिपक्यांच्या रेघेत कुठे फुगवटा दिसतो ते रुग्ण दाखवतो आणि बदल झाला की दवाखान्याला कळवलं जातं. १,५२० जणांच्या चाचणीत ते वापरणाऱ्यांचं निदान झालं तेव्हा तक्त्यावरची साधारण चार अक्षरं गेली होती, नेहमीच्या पद्धतीत नऊ. बाबांना मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) असेल तर डॉक्टरांकडे चौकशी करा.

प्रश्न : ल्युटीनची कोणतीही गोळी चालते का?
*एक वाचक, सोलापूर*

नाही. एरेड्स अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यातलं, म्हणजे एरेड्स-२ चं प्रमाण असं : क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० आययू, ल्युटीन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम, तांबं २ मिलिग्रॅम. पाकिटामागचा तक्ता याच्याशी ताडून पाहा. मूळ अभ्यासात अशा गोळ्यांनी पुढच्या टप्प्याचा धोका पाच वर्षांत सुमारे चतुर्थांशाने घटला होता. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढलेल्यांनी बीटा-कॅरोटिन असलेली गोळी घेऊ नये, त्यांच्यात तिने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट सोडणं तर गोळीच्याही आधी.

प्रश्न : चांगल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. ऑपरेशन करावं का?
*एक वाचक, बेळगाव*

दिसायला अडचण होत असेल तर करावं. मोतीबिंदू दाट झाला की स्कॅन धूसर येतो आणि नजर ठेवणंच अवघड होतं. ऑपरेशनच्या आधी एक ओसीटी काढा, द्रव असेल तर आधी त्याचे उपचार. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढून तो नवा आधार ठरवायला सांगा. लेन्स निवडताना मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) टाळा. ती प्रकाश वाटून देते आणि मॅक्युला आधीच अशक्त असेल तर फिकट अक्षरं आणखी फिकट दिसतात. साधी, एकाच अंतराची मोनोफोकल घ्या.